हातोड्याचं वजन

४ मार्च

ताई, नमस्कार.

तुमचा भाऊ उद्याच्या गाडीने पाठवतोय. सांभाळून उतरवून घ्या, वरची बाजू नाजूक आहे.

फोनच करणार होतो. पण इतकी वर्षं डोक्यावर मार खाऊन माझा डावा कान पार गेलाय आणि उजवा मनात आलं तरच ऐकतो. मागे तुम्ही फोनवर "जेवलात का" विचारलंत आणि मी "परवा सकाळी" म्हणालो, ते आठवत असेल. मोबाइलवरची अक्षरं मला मुंग्यांसारखी दिसतात. आणि तुमचा भाऊ तर दीड महिना तोंडच उघडणार नाही. म्हणून हे पत्र.

तुम्ही त्याची एकही लढत बघत नाही, तेव्हा थोडक्यात सांगतो. अकरा वर्षं बॉक्सिंगच्या विजेतेपदाचा पट्टा तुमच्या भावाच्या, म्हणजे आपल्या हातोड्याच्या, कमरेला होता. शनिवारी समोर चोवीस वर्षांचं पोरगं होतं. पाचव्या फेरीत त्याचा डावा हात आला, तो हातोड्याला दिसलाच नाही. जबडा दोन ठिकाणी मोडला. आता तारांनी बांधलाय, नळीने जाईल तेवढंच पोटात. डॉक्टर डोक्याबद्दलही काही सांगत होते, पण ते माझ्या डाव्या बाजूला उभे होते.

आयोजक ऑगस्टअखेर रिमॅच द्यायला तयार आहेत. होय की नाही ते जूनपर्यंत कळवायचंय. एकच विनंती, त्याच्यासमोर थांबण्याचा विषय काढू नका. तो आता एकोणचाळीसचा आहे हे त्याला माहीत आहे. आपण सांगायची गरज नाही.

आपला,
कोच

११ मार्च

कोचसाहेब,

माल पोचला. वरची बाजू आमच्याकडे जन्मापासूनच नाजूक होती, म्हणून तर तो तुमच्या हाती लागला.

डॉक्टर तुमच्या डाव्या बाजूला उभे होते ना? मी त्यांना फोन केला. माझे दोन्ही कान शाबूत आहेत. ते म्हणाले, असाच अजून एक ठोसा बसला तर जबड्याचा प्रश्नच उरणार नाही, माणूस उरला तर आपलं नाव विसरलेला उरेल. हे तुम्हाला ऐकू आलं नाही म्हणता. बरं बाई, नसेल आलं.

त्याला मी दुकानातली पाटी दिलीय, जिच्यावर मी "आज कपडे मिळणार नाहीत" असं लिहून बाहेर लटकवते. त्याने तिच्यावर पहिलं वाक्य लिहिलं, "ताई, तू जाड झालीस." जबड्याला तार नसती तर मीच घातली असती.

दिवसभर माझ्या मशीनशेजारी बसतो. गिऱ्हाइकं येतात, त्याचा काळानिळा डोळा बघतात आणि शिलाईत घासाघीस न करता जातात, एवढा फायदा झालाय. पण परवा तो चहाचा कप ठेवायला गेला आणि कप टेबलाच्या अलीकडेच सोडला. पाटीवर लिहिलं, "निसटला." काल पुन्हा निसटला. आज मी प्लास्टिकचा कप दिला, तो त्याने दोन्ही हातांनी धरला.

मी शिवणारी बाई. एक कळतं, की विरलेलं कापड एकदा रफू करता येतं, दोनदा येतं, पुढे सुई लावली की सगळंच हातात येतं. तो थांबला पाहिजे आणि हे त्याला तुम्हीच सांगितलं पाहिजे, कारण माझं तो लहानपणापासून ऐकत नाही. अकरा वर्षं झाकली मूठ होती, ती उघडायची हौस कोणाला आहे? त्याला की तुम्हाला?

त्याची मोठी बहीण

१९ मार्च

ताई,

पत्र वाचून दोन्ही कान लाल झाले. म्हणजे अजून जिवंत आहेत.

आमच्या धंद्यात एक गोष्ट कोच कधी करत नाही. तो बॉक्सरला "बस" म्हणत नाही. कोच म्हणतो "बस", आणि बॉक्सरला ऐकू येतं "तू कधी चांगला नव्हतासच." त्यातून माणूस उठत नाही, ठोशातून एक वेळ उठतो. हातोडा सोळा वर्षांचा असताना माझ्याकडे आला. त्याला मी पुढे जा, मागे हो, हात वर ठेव, सगळं सांगितलं. "बस" कधी सांगितलं नाही. आता या वयात मला नवीन शब्द शिकवू नका.

तेव्हा रिमॅच होणार असं धरून चाला. तार निघाली की त्याच्या जिभेवर लक्ष ठेवा. आमच्या गटाची मर्यादा पंचाहत्तर किलो. लढतीच्या आदल्या दिवशी सगळ्यांसमोर काट्यावर उभं करतात. काटा पंचाहत्तरच्या पुढे लिंबाएवढा जरी गेला तरी लढत रद्द. मग कोणी कितीही रडो. रद्द म्हणजे रद्द. नीट समजलं ना? जास्त खाल्लं की लढत नाही.

कोच

२२ एप्रिल

कोचसाहेब,

तुमचं म्हणणं अगदी नीट समजलं. मी विचार केला आणि पटलं. आपण कोण सांगणाऱ्या? आता मी तोंडातून ब्र काढणार नाही.

सोमवारी तार काढली. तोंड उघडल्यावर पहिला शब्द काय असेल म्हणून मी कान टवकारून बसले होते. म्हणाला, "अंडी." चार उकडून दिली. मग कुस्करलेले बटाटे, वर लोणी. संध्याकाळी कोपऱ्यावरच्या बेकरीतून केक आणला, बिचारा दीड महिना नळीने जगला हो. बेकरीवालीला सांगून ठेवलंय, रोज एक बाजूला ठेव. हे सगळं ताकद भरून यावी म्हणून. तुम्ही लक्ष ठेवायला सांगितलंत, मी ठेवतेय. ताटाकडे सारखं लक्ष असतं माझं.

त्याचे कपडेही माझ्याच ताब्यात आहेत. दर आठवड्याला धुऊन, इस्त्री करून, लागेल तिथे टाका घालून त्याच्या खुर्चीवर ठेवते. कमरेला काचतंय अशी त्याची एकही तक्रार येणार नाही, याची हमी माझी. तुम्ही निश्चिंत असा.

तुमची आज्ञाधारक,
ताई

२९ एप्रिल

ताई,

तुम्ही आज्ञाधारक झालात हे वाचून मी पाणी प्यायलो आणि पत्र पुन्हा वाचलं. असो. माणसं बदलतात म्हणतात.

सोबतच्या खोक्यात वजनकाटा आहे. आमच्या व्यायामशाळेतलाच, गोल तबकडीचा. माझ्या एका मित्राकडून खास आतून दुरुस्त करून घेतलाय. हातोड्याने दर रविवारी ह्याच्यावरच उभं राहायचं. रस्त्यातल्या, दुकानातल्या, दवाखान्यातल्या कुठल्याही दुसऱ्या काट्याच्या वाटेला जायचं नाही. प्रत्येक काट्याचा स्वभाव वेगळा असतो, माणसाचा गोंधळ होतो. ह्याने पंचाहत्तरच्या आत दाखवलं की खुशाल खाऊ द्या. उगाच पोटाला चिमटा काढू नका. वाढतं वय आहे.

कोच

३ जून

सर, सा. न.

मीच लिहितोय. पाटी ताईला परत दिली.

सर, तुम्हाला खरं वाटणार नाही. तुमचा काटा आला तेव्हा त्याच्यावर मी एकाहत्तर होतो. तेव्हापासून मी जे खातोय ते तुम्ही बघितलं असतं तर मला व्यायामशाळेतून हाकलून दिलं असतं. सकाळी अंडी, दुपारी दोन माणसांचं जेवण, चारला केक. ताई वाढत राहते, मी नको म्हटलं की तिचे डोळे भरून येतात. आणि पळणं? घरापासून बेकरीपर्यंत. तरी वजन किती? पंचाहत्तर! बरोबर लढतीचं! आणि पँट? जुनीच, आणि कमरेला अजून बोट जातंय.

आठवतं सर, गेल्या पाच-सहा वर्षांत पंचाहत्तरला यायला मी काय काय केलं? उन्हात स्वेटर घालून पळालो, दोन-दोन दिवस पाणी तोंडात घेऊन थुंकलो. आणि आता काही न करता! असं अंग माझं विसाव्या वर्षी होतं. मार्चमध्ये माझ्या डोक्यात भलतंच चाललं होतं. पाटीवर तुम्हाला लिहायचं एक वाक्य सारखं जुळवत होतो आणि पुसत होतो. ते आता जाऊ द्या. शरीरच म्हणतंय अजून आहे, तर मी कोण नाही म्हणणार?

काल आयोजकांना होकार कळवला. सहीसुद्धा करून पाठवली. ऑगस्टमध्ये त्या पोराला सांगू, हातोडा म्हणजे काय ते.

तुमचा,
हातोडा

५ जून

कोचसाहेब,

दुहेरी आग लागलीय, आधी कुठली विझवू कळत नाही.

पहिली म्हणजे त्याने सही केली. मला नंतर सांगितलं, तेही केक खाता खाता.

दुसरी त्याहून वाईट. आता लपवण्यात अर्थ नाही. तुम्हीच लिहिलं होतंत, वजन वाढलं की लढत रद्द. म्हटलं, चला, कोच "बस" म्हणत नाही तर काटा म्हणेल. म्हणून मी त्याला खाऊ घातलं. आणि पोट सुटतंय हे त्याला कळलं तर तो लगेच पळायला लागणार, म्हणून दर आठवड्याला त्याच्या सगळ्या पँटींची कंबर थोडी थोडी उसवून वाढवत गेले. आता शिवणीतलं कापड संपलंय, मागे जोड घालावा लागतोय. चार बोटं कंबर वाढलीय हो त्याची! शर्टाची बटणंसुद्धा मी सरकवलीत. आणि तुमचा काटा म्हणतो पंचाहत्तर!

माणूस डोळ्यांदेखत फुगतोय आणि वजन लढतीचंच. असं कधी होतं का? आत पाणी भरलंय का? गाठ आहे का? मला तीन रात्री झोप नाही. त्याला थांबवायला निघाले आणि हे काय होऊन बसलं. नऊ तारखेला त्याला डॉक्टरांकडे घेऊन जातेय. तुम्ही काय हसायचं ते हसा, पण काही माहीत असेल तर लगेच कळवा.

ताई

९ जून

ताई,

त्याला डॉक्टरांकडे नेऊ नका! तो आजारी नाही. काटा आजारी आहे.

मी आतली स्प्रिंग बदलून घेतली होती. जाड बसवली. त्याच्यावर ऐंशीचा माणूस पंचाहत्तरचा दिसतो. माझा हिशेब असा होता, की तो तुमच्याकडे मजेत खाईल, काट्यावर खूश राहील, आणि वजनाच्या दिवशी खऱ्या काट्यावर भांडं फुटेल. लढत रद्द होईल, मला काही बोलावं लागणार नाही आणि तो जिवंत राहील. डॉक्टर काय म्हणाले होते ते मला पहिल्या दिवशीच ऐकू आलं होतं, ताई. डावा कान असला तरी असल्या गोष्टी ऐकू येतात.

तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुमच्या पोटात काही राहत नाही असा माझा समज होता. चार बोटं कंबर राहिली की हो! मला असंही वाटत होतं, की त्याआधी पोट दिसलं तर तो होकार कळवायलाच कचरेल. तुम्हाला वाटत होतं, काटा त्याला धरेल. तुम्ही पोट झाकलंत, मी काटा झाकला, आणि मधल्या मधे त्याला वाटलं आपण विशीत आलो. दोन शहाण्यांनी मिळून एका माणसाला लढतीत ढकललं. आपल्याला बक्षीस द्यायला हवं.

डॉक्टरांकडे खरा काटा असतो. नेऊ नका. मी काहीतरी सुचवतो.

कोच

१२ जून

सर,

तुमचं नऊ तारखेचं पत्र काल आलं. ताईने ते माझ्या हातात दिलं आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली.

तोपर्यंत मला सगळं कळलेलंच होतं. डॉक्टरांच्या काट्यावर मी एक्क्याऐंशी भरलो. ताई डॉक्टरांना म्हणाली, तुमचा काटा बिघडलाय. डॉक्टर स्वतः चढले, त्यांचं बरोबर आलं. तरी ती मला भंगारवाल्याकडे घेऊन गेली. पत्र्याच्या डब्यांच्या शेजारी उभं राहून मी एक्क्याऐंशी भरलो. भंगारवाला म्हणाला, "विकायचंय का?" घरी येऊन मी पँट उलटी केली. मागे पाचरीएवढा जोड, आणि शिलाई इतकी सुबक की वाटलं कारखान्यातूनच तशी आलीय.

हसू आलं नाही सर. रागावलोय.

ताईला माहीत नव्हतं, तिला माफ. तुम्हाला माहीत होतं. हरलेल्या माणसाला आपल्यात मान असतो. वजन चुकवणाऱ्याला नसतो. तो खाली उतरतो तेव्हा लोक शिट्ट्या मारतात आणि म्हणतात, घाबरला, म्हणून खाऊन आला. हे मला तुम्हीच शिकवलं. एका पोराला तुम्ही एवढ्यासाठीच कायमचं घरी पाठवलं होतं. आणि मला, तेवीस वर्षांनी, सुटलेलं पोट घेऊन शिट्ट्यांमधून बाहेर काढणार होतात. जिवंत राहिलो असतो, हे खरं. पुढे कुठे तोंड दाखवलं असतं?

आणि आता ते पाटीवरचं वाक्य सांगतोच. मी ताईकडे आलो तो थांबायचं ठरवूनच आलो होतो. कप टेबलाच्या अलीकडे पडतो हे मला तिच्याआधी माहीत आहे. तो डावा हात दिसला नाही, हेही मला कोणी सांगायला नको. फक्त तुम्हाला कसं सांगायचं ते जुळत नव्हतं. वाटायचं, सर मोडतील. मग तुमचा काटा आला आणि त्याने सांगितलं की माझं चुकतंय.

आता मी पंचाहत्तरवर येणार. कसं ते मला येतं. पुढचं विचारू नका.

हातोडा

१७ जून

पोरा,

तुझं सगळं खरं आहे. माझी लाज काढलीस, बरं केलंस.

जे मी कधी कोणाला म्हटलं नाही ते आता लिहितो. बस. थांब. तू चांगला होतास, म्हणून थांब. माझ्या हाताखाली तुझ्याएवढा चांगला कोणी आला नाही आणि आता येणारही नाही, मला तेवढं आयुष्य नाही. मी मोडणार नाही. मोडलो तरी माझं मी बघेन.

उत्तर पाठव.

सर

२० जुलै

कोचसाहेब,

तुमचं पत्र त्याने दोनदा वाचलं, घडी घातली आणि पळायला गेला. उत्तराचं विचारलं तर म्हणतो, "बघू."

पहाटे उठतो, टेकडीवर जातो, घामाने निथळत येतो. ताटात उकडलेल्या भाज्या आणि पाणी. बेकरीवाली विचारत होती, तुमच्याकडे कोणी गेलं का? म्हटलं, गेलं नाही बाई, जायला निघालंय.

पँटी मी त्याच्यासमोर बसून पुन्हा आत घ्यायच्या, असा हुकूम आहे. मी शिवते, तो बाजूला उभा राहून बघतो आणि मधूनच म्हणतो, "सरळ, ताई, सरळ शिव." आयुष्यभर मी त्याला जे म्हणत आले तेच. तो हसतो, मग मला आणखी भीती वाटते. जबडा बांधलेला होता तेव्हा पाटीवर का होईना भडाभडा बोलायचा. आता तोंड मोकळं आहे आणि मनातलं एक अक्षर सांगत नाही. आयोजकांशी फोनवर बोलताना दार लावून घेतो. मी दाराला कान लावला होता, लाज कसली, पण तो मुद्दाम हळू बोलतो.

काल अठ्ठ्याहत्तर होता, भंगारवाल्याच्या काट्यावर. आता तोच आमचा देव झालाय. चहाला पुन्हा काचेचेच कप वापरतो. चार दिवसांत एकच फुटला, पण फुटला.

चूक आपल्या दोघांची आणि डोकं त्याचं पणाला. तो खरंच लढला तर? मी तिथे येऊ शकत नाही, मला बघवणार नाही. तुम्ही तिथे असाल. काहीही करा. वाटेत आडवे पडा. तुमचं ते "कोच असं करत नाही" मला आता ऐकायचं नाही.

ताई

२५ ऑगस्ट

ताई,

चष्म्याशिवाय लिहितोय, अक्षर वाचता येईना तर दुकानात कोणाकडून तरी वाचून घ्या.

आज सकाळी वजन होतं. मी ठरवून गेलो होतो. तो काट्यावर चढला की सगळ्यांसमोर सांगायचं, मी ह्याच्या कोपऱ्यात उभा राहणार नाही, आणि कोचशिवाय ह्याला रिंगणात सोडू नका. भाषण खिशात लिहून आणलं होतं. रात्रभर खोलीत मोठ्याने म्हणून बघितलं, शेजारच्या खोलीतल्याने भिंत वाजवली म्हणतात, मला कुठून कळणार.

दालन भरलेलं. फोटोवाले, पोरंसोरं. ते चोवीस वर्षांचं पोरगं आधी चढलं, त्र्याहत्तर. मग आपला. कपडे काढले आणि काट्यावर उभा राहिला. ताई, तुम्ही भाऊ म्हणून बघता, मी कोच म्हणून बघितलं. चरबीचा एक धागा जास्त नव्हता अंगावर. काटा चौऱ्याहत्तर आणि थोडं वर जाऊन थांबला. टाळ्या पडल्या. म्हटलं, लढतोय हा.

मी पुढे घुसलो, भाषण काढलं, चष्मा सापडेना. तेवढ्यात तो काट्यावरूनच बोलायला लागला. मग त्या पोरगेल्या चॅम्पियनने मान खाली घातली आणि मागचे लोक उभे राहायला लागले. आयोजक अगदी थंड होते, कारण त्यांना दोन आठवड्यांपूर्वीच कळवलं होतं. बदली बॉक्सरचं वजनसुद्धा होऊन गेलं होतं. सगळ्यांना माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त आपल्या दोघांना. मुद्दाम, ताई! मला नंतर म्हणाला, "तुम्ही दोघांनी मला दीड महिना फसवलंत, मी तुम्हाला दोन आठवडे. फिटंफाट. झोप लागत नव्हती ना?"

पण ते नंतरचं. तेव्हा मी त्याच्यासमोर उभा होतो आणि विचारलं, "काय म्हणालास?" तो काट्यावरून वाकला, माझ्या उजव्या कानापाशी आला आणि सगळ्या दालनाला ऐकू जाईल असा ओरडला, "सर, वजनात बसलो आणि आता थांबतोय. माझं मी." पहिल्यांदा म्हणे आवाज अगदी स्वच्छ होता. दुसऱ्यांदा फुटला. मग तो रडला, मी रडलो, फोटोवाल्यांनी मजा केली.

वजन कशाला उतरवलंस, एवढी उपासमार कशाला, असं मी विचारलं. म्हणाला, "एक्क्याऐंशीच्या माणसाने थांबतो म्हटलं असतं तर त्यात काय होतं? त्याला लढायला कोणी बोलावलंच नसतं. मला लढता येत असताना नाही म्हणायचं होतं."

आता तुम्हाला एक सांगतो, त्याला कळू देऊ नका. मला पहिल्याच वेळी ऐकू आलं होतं.

कोच

१ सप्टेंबर

कोचसाहेब,

तुमचं पत्र मी दुकानात एकटीने वाचलं. एका गिऱ्हाइकाचा ब्लाउज त्यात भिजला, पुन्हा इस्त्री करावी लागली.

काल संध्याकाळी तो आला. मला वाटलं होतं, पडेल चेहऱ्याने येईल, चार दिवस भिंतीकडे तोंड करून झोपेल. मी तयारीच केली होती, काय काय समजावायचं त्याची. तो आला, बॅग ठेवली, म्हणाला, "ताई, भूक लागलीय," आणि पाटावर बसावं तसा जमिनीवरच बसला.

मी काय करणार? मला एकच येतं. दोन महिन्यांची उपासमार भरून काढायची म्हणून मी सकाळपासून रांधत होते. अंडी, बटाटे, भात, मटणाचा रस्सा. बेकरीवालीने केक फुकट दिला, वर त्याचं चित्र काढलं होतं, ते जास्त करून बटाट्यासारखं दिसत होतं. तो बसून सावकाश जेवत होता. त्याला एवढ्या सावकाश जेवताना मी कधी बघितलं नव्हतं. पुढचा घास खायचा की नाही हा हिशेबच चेहऱ्यावर नव्हता.

मी दुसऱ्यांदा वाढलं. तिसऱ्यांदा भाताचा डाव घेऊन गेले. सवय हो. माझा हात ताटापर्यंत पोचला होता, तेवढ्यात त्याने ताटावर हात आडवा धरला.

"बस, ताई," म्हणाला.

मी डाव हातात धरून तशीच उभी राहिले. कोचसाहेब, त्याला "बस" म्हणता येतं. आपण दोघांनी त्याला कधी विचारलंच नव्हतं.

ताई